डिबेटनंतर आकडे हलतात. माणसं हलतात का?

प्रश्न : माझा भाचा न्यू जर्सीला असतो. अमेरिकेच्या मागच्या निवडणुकीत कमला हॅरिस आणि ट्रम्प यांची डिबेट झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला : "मामा, ट्रम्प संपला." सर्व्हेही तसेच सांगत होते. दोन महिन्यांनी निकाल उलटा. मग डिबेटनंतर सर्व्हेचे आकडे दोन-चार टक्के वरखाली होतात ते नेमकं काय असतं? लोक खरंच दोन दिवसांत मत बदलतात का? आणि आपल्याकडे उमेदवारांना असं समोरासमोर का बसवत नाहीत?
— एक वाचक, वरवट बकाल (ता. संग्रामपूर, जि. बुलढाणा)

उत्तर : तुमच्या भाच्याने सांगितलं ते खोटं नव्हतं, फक्त त्याने एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नाला जोडलं. १० सप्टेंबर २०२४ला फिलाडेल्फियात डिबेट झाली. ती संपल्यासंपल्या सीएनएनने पाहणाऱ्यांना विचारलं, तेव्हा ६३ टक्के लोकांनी हॅरिस सरस ठरल्याचं सांगितलं आणि ३७ टक्क्यांनी ट्रम्प. हा प्रश्न 'बोललं कोण चांगलं' असा होता. 'मत कोणाला देणार' हा प्रश्न वेगळा, आणि त्याच्या उत्तरात देशभरच्या चाचण्यांची सरासरी हॅरिस यांच्या बाजूने जेमतेम टक्काभर सरकली. ५ नोव्हेंबरला ट्रम्प यांना ४९.८ टक्के मतं पडली, हॅरिस यांना ४८.३, आणि चुरशीची मानली गेलेली सातही राज्यं ट्रम्प यांच्याकडे गेली. वक्ता आवडणं आणि त्याला मत देणं यांतलं अंतर आपल्याला कोणी शिकवायला नको. भाषण ऐकायला मैदान भरतं आणि पेट्या उघडल्यावर वेगळंच निघतं, हे महाराष्ट्राने कितीदा पाहिलंय.

त्याच वर्षीच्या २७ जूनला बायडेन आणि ट्रम्प यांची अटलांटात गाठ पडली होती. बायडेन अडखळले, वाक्यं हरवली. सीएनएनच्या तशाच चाचणीत ६७ टक्क्यांनी ट्रम्प यांना कौल दिला. एवढी नाचक्की होऊनही मतांची सरासरी सरकली ती दोनेक टक्केच. तरीही २१ जुलैला बायडेन यांनी माघार घेतली. म्हणजे त्या डिबेटचा खरा परिणाम मतदारापेक्षा पक्षातल्या पुढाऱ्यांवर आणि देणगीदारांवर झाला. आकडे फार हलले नाहीत, उमेदवारच बदलला!

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. दोन दिवसांत आकडा दोन-चार टक्के हलतो तेव्हा काय झालेलं असतं?

तुमच्याच एसटी स्टँडवर चला. काल एका पक्षाची मोठी सभा झाली, पुढारी जोरात बोलला, टाळ्या पडल्या. आज सकाळी चहाच्या टपरीवर कोणी विचारलं, "हवा कोनाची हाय भाऊ?" तर त्या पक्षाचे लोक आपणहून पुढे सरकून बोलतील. दुसऱ्या बाजूचा माणूस चहा संपवेल, "पाहू ना, आजून काई ठरोलं नाई" म्हणेल आणि गाडीकडे निघून जाईल. त्याचं मत बदललेलं नाही, त्याला आज बोलायचं नाही एवढंच. विचारणारा मात्र वहीत लिहून घेणार, की अमक्याची हवा वाढली.

हेच आकड्यांत मांडू. समजा एका गावात हजार मतदार आहेत, पाचशे एका उमेदवाराचे आणि पाचशे दुसऱ्याचे. सर्व्हेवाल्याचा फोन आला तर एरवी दोन्हीकडचे शंभरात वीस लोक बोलतात, म्हणजे शंभर इकडचे आणि शंभर तिकडचे. निकाल बरोबरीचा. डिबेटनंतर जिंकलेल्या बाजूचे लोक खुशीत असतात, त्यांच्यातले शंभरात बावीस बोलले. हरलेल्या बाजूचे अठराच बोलले. झाले ११० आणि ९०, म्हणजे ५५ विरुद्ध ४५ टक्के. काल बरोबरी होती, आज एकदम दहा टक्क्यांची आघाडी! गावात एकाही माणसाने मत बदललेलं नाही. फोन घेणाऱ्यांत दोन-दोन टक्क्यांचा फरक पडला, त्याने हेडलाइन तयार झाली. आणि हल्ली शंभर जणांना फोन लावले तर वीससुद्धा बोलत नाहीत, त्यामुळे हा खेळ आणखी सोपा झालाय.

मी हे नुसतं कल्पनेने सांगत नाही. ३ ऑक्टोबर २०१२ला डेन्व्हरमध्ये ओबामा आणि मिट रॉम्नी यांची पहिली डिबेट झाली. ओबामा त्या दिवशी थकल्यासारखे, खाली मान घालून बोलत होते. गॅलपच्या चाचणीत ७२ टक्क्यांनी रॉम्नी सरस म्हटलं, ओबामांना २० टक्के. प्यू या नावाजलेल्या संस्थेच्या सप्टेंबरातल्या चाचणीत ओबामा ५१–४३ असे पुढे होते; डिबेटनंतरच्या चाचणीत रॉम्नी ४९–४५ने पुढे आले. आठने पुढे असलेला माणूस चारने मागे, म्हणजे तीन आठवड्यांत बारा टक्क्यांची उलथापालथ. अमेरिकेत खळबळ उडाली. पण त्या दोन चाचण्यांत स्वतःला डेमोक्रॅट म्हणवणाऱ्यांचं प्रमाण किती होतं ते पाहिलं, तर दुसऱ्या चाचणीत ते घसरलेलं आणि रिपब्लिकनांचं वाढलेलं दिसतं. माणूस उमेदवाराबद्दलचं मत दोन दिवसांत बदलू शकतो, मान्य. पण आयुष्यभराचा पक्ष इतक्या लोकांनी एका संध्याकाळी सोडला, हे पटायला जड जातं.

नेमकं काय घडलं ते पुढे अँड्र्यू गेलमन, शरद गोयल, डग्लस रिव्हर्स आणि डेव्हिड रॉथ्सचाइल्ड या चौघांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवलं. त्यांच्याकडची माहिती गमतीशीर ठिकाणाहून आली होती. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्रावर रोज मतचाचणी घेतली जायची, आणि तीच तीच माणसं पुन्हा पुन्हा उत्तरं द्यायची. साहजिकच त्यात तरुण मुलगेच जास्त, त्यामुळे वय, शिक्षण, राज्य, मागच्या निवडणुकीत कोणाला मत दिलं होतं, असं सगळं धरून त्यांना आकडे नीट बसवावे लागले. पण एकच माणूस डिबेटच्या आधी आणि नंतर काय म्हणाला, हे त्यांना थेट पाहता आलं. बाजू खरोखर बदलणारे फारच थोडे निघाले. डिबेटनंतर ओबामांचे समर्थक चाचणीला उत्तर द्यायला कमी आले, आणि तो उठलेला धुरळा बराचसा त्यांच्या गैरहजेरीचा होता. नोव्हेंबरात ओबामा ५१ विरुद्ध ४७ टक्क्यांनी निवडून आले, म्हणजे जवळपास जिथे आधी होते तिथेच.

म्हणून डिबेटनंतरचा आकडा माझ्यासमोर आला, की लोकांचं मत काय झालं याच्याआधी मी उत्तर देणारे कोण होते ते शोधतो. बऱ्या संस्था मागच्या निवडणुकीतलं मतदान विचारतात आणि अहवालात छापतात. मागच्या वेळी एखाद्या पक्षाला ४० टक्के पडले होते आणि सर्व्हेत 'मी मागच्या वेळी त्यालाच दिलं' म्हणणारे ५० टक्के निघाले, तर नमुना त्या बाजूला कललेला असण्याची शक्यता मोठी. यातही एक मेख आहे. निवडून आलेल्याला आपणही मत दिलं होतं, असं पुष्कळांना नंतर प्रामाणिकपणे आठवायला लागतं. पण दोन चाचण्यांची तुलना करायला ही खूण उपयोगी पडते.

दुसरी गोष्ट गणिताची, आणि टीव्हीवर ती नेहमी अर्धीच सांगतात. हजार लोकांच्या चाचणीत 'तीन टक्के इकडेतिकडे' अशी ओळ खाली येते. ते तीन टक्के एका उमेदवाराच्या आकड्याचे. दोघांतल्या आघाडीची चूक त्याच्या साधारण दुप्पट, म्हणजे सहाच्या घरात. आणि मागच्या आठवड्याची आघाडी आणि या आठवड्याची आघाडी यांची तुलना करायची, तर दोन्ही चाचण्यांच्या चुका एकत्र येतात आणि ती मर्यादा नऊच्या जवळ जाते. म्हणजे हजार-हजार लोकांच्या दोन चाचण्यांत आघाडी चारवरून आठवर गेली, तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. पाच-सहा वेगवेगळ्या संस्थांच्या चाचण्या एकाच दिशेला सरकल्या तर गोष्ट निराळी. त्यातही प्रत्येक संस्थेची तुलना तिच्याच आधीच्या चाचणीशी करावी. एकीची कालची आणि दुसरीची आजची जोडून 'पाच टक्क्यांची उसळी' असा मथळा करणं हा आपल्या वाहिन्यांचा आवडता उद्योग आहे.

'कोण जिंकलं' हेसुद्धा लोक नेहमी स्वतःच ठरवतात असं नाही. १९७६च्या ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्ष फोर्ड डिबेटमध्ये बोलून गेले, की पूर्व युरोपवर सोव्हिएत वर्चस्व नाही. त्याच रात्री विचारलेल्या लोकांत फोर्ड सरस ठरल्याचं म्हणणारे जास्त होते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी आणि टीव्हीने ती चूक उगाळली, आणि त्यानंतर विचारलेल्यांत त्यांचे प्रतिस्पर्धी कार्टर यांनी बाजी मारल्याचं म्हणणारे कितीतरी वाढले. हे व्हॉट्सअ‍ॅपच्या आधीच्या काळातलं. आज संपूर्ण डिबेट पाहणारा एक, तर वीस सेकंदांची क्लिप पाहणारे शंभर.

डिबेटची लाट येते आणि जाते, याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण ब्रिटनचं. १५ एप्रिल २०१०ला तिथे पक्षनेत्यांची पहिली टीव्ही डिबेट झाली. तिसऱ्या पक्षाचे निक क्लेग कॅमेऱ्याकडे पाहून शांतपणे बोलले आणि त्यांचा लिबरल डेमोक्रॅट पक्ष चाचण्यांत वीसवरून तीस टक्क्यांच्या आसपास पोचला. तीन आठवड्यांनी मतपेट्यांत निघाले २३ टक्के. २००५ साली २२ होते. एक टक्का वाढला आणि जागा ६२वरून ५७वर उतरल्या.

मग डिबेटच्या काळात आकडे हलले तर ते नेहमीच फुसके असतात का? नाही. आयर्लंडमध्ये २०२० साली उलटं झालं, आणि त्या गोष्टीत आपल्या मालवणजवळच्या वराड गावाचं नाव येतं. तिथले अशोक वराडकर डॉक्टर होऊन परदेशी गेले; त्यांचे चिरंजीव लिओ वराडकर तेव्हा आयर्लंडचे पंतप्रधान होते. शेवटची डिबेट वराडकर आणि विरोधी पक्षाचे मायकल मार्टिन या दोघांतच ठेवायची, असं सरकारी वाहिनी आरटीईने ठरवलं होतं. ३ फेब्रुवारीला 'आयरिश टाइम्स'ची चाचणी आली : शिन फेन हा तिसरा पक्ष २५ टक्के, मार्टिन यांचा फियाना फॉल २३, वराडकरांचा फिने गेल २०. ज्यांना मंचावर जागाच नव्हती ते पहिल्या क्रमांकावर! आरटीईला घाईघाईने शिन फेनच्या मेरी लू मॅकडोनाल्ड यांना बोलवावं लागलं. ८ फेब्रुवारीच्या मतदानात पहिल्या पसंतीची मतं पडली २४.५, २२.२ आणि २०.९. चाचणी तंतोतंत उतरली. ही हालचाल डिबेटच्या एका रात्रीतून आलेली नव्हती. घरभाडं परवडत नाही आणि पेन्शनचं वय वाढणार, या दोन गोष्टींनी लोक आधीच वैतागले होते. खरं मन बदलतं तेव्हा त्याचं कारण घरखर्चात सापडतं, आणि ते दोन आठवड्यांत उतरत नाही.

आपल्याकडेही हेच दिसतं. २०२४च्या लोकसभेत महाराष्ट्रात महाविकास आघाडी आणि महायुती यांच्या मतांत टक्क्याचाही फरक नव्हता (जागा मात्र ३० आणि १७; कमी फरकातून जागांचा डोंगर कसा होतो, तो वेगळा विषय). नोव्हेंबरच्या विधानसभेत महायुती चौदाएक टक्क्यांनी पुढे गेली आणि तिन्ही पक्ष मिळून २३० जागा आल्या. मधल्या सहा महिन्यांत एकही डिबेट झाली नव्हती. लाडक्या बहिणीच्या खात्यात महिन्याला १५०० रुपये यायला लागले होते, लोकसभेपेक्षा मतदान वाढलं होतं, जातींची जुळवाजुळव बदलली होती. यातलं कशाचं श्रेय किती, यावर पैज लावायला मी तयार नाही. पण मत सरकायला काय लागतं याचा अंदाज यावरून येतो.

तुमचा शेवटचा प्रश्न : आपल्याकडे समोरासमोर का बसवत नाहीत? प्रयत्न झाला होता. मे २०२४मध्ये निवृत्त न्यायमूर्ती मदन लोकूर, मूळचे सोलापूरचे न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा आणि ज्येष्ठ पत्रकार एन. राम यांनी नरेंद्र मोदी आणि राहुल गांधी यांना जाहीर चर्चेचं निमंत्रण दिलं. राहुल गांधींनी होकार कळवला. भाजपने त्यांच्यासमोर आपल्या युवा मोर्चाच्या उपाध्यक्षाचं नाव पुढे केलं. चर्चा झाली नाही. जगभर असंच असतं, पुढे असणाऱ्याला डिबेट नको असते. त्याला त्यातून मिळवायचं थोडं आणि गमवायचं जास्त. शिवाय आपण आमदार-खासदार निवडतो, पंतप्रधान थेट निवडत नाही, हे कारणही तोंडावर तयार असतं.

माझी खरी अडचण वेगळी आहे. बुलढाणा लोकसभेची डिबेट ठेवली असती तर कोणाला बोलावलं असतं? आयर्लंडसारखं दोन मोठ्या आघाड्यांचे दोन उमेदवार म्हटले, तर प्रतापराव जाधव आणि नरेंद्र खेडेकर. पण अपक्ष रविकांत तुपकरांनी २०२४ला सुमारे अडीच लाख मतं घेतली, आणि जाधव निवडून आले साडेएकोणतीस हजारांच्या फरकाने. मुंबई-दिल्लीच्या सर्व्हेत तुपकरांची मतं 'इतर' या रकान्यात जातात. ज्याने मंचावर सोयाबीन-कापसाच्या भावाचा प्रश्न सगळ्यात जोरात विचारला असता, तोच माणूस खाली प्रेक्षकांत बसला असता. तुमच्या संग्रामपूर-जळगाव जामोद पट्ट्यातलं खारं पाणी, किडनीचे आजार, १४० गावांची पाणीयोजना यांवर चार उमेदवार एका टेबलाशी बसून दोन तास बोलले, तर मला आवडेल. मतं हलोत न हलोत; पुढच्या पाच वर्षांत धरायला काही शब्द तरी रेकॉर्डवर राहतील.

त्या डिबेटने वारं फिरलं का, हे मात्र कोणताही सर्व्हे सांगू शकणार नाही. २०२४च्या विधानसभेला बुलढाणा मतदारसंघात संजय गायकवाड आणि जयश्री शेळके या दोघांना मिळून १ लाख ८२ हजारांच्या वर मतं पडली आणि फरक होता ८४१. अर्ध्या टक्क्याहून कमी. एवढी आघाडी खात्रीने पकडायची, तर हिशेबाने लाखभर मतदारांना विचारावं लागेल. एका विधानसभा मतदारसंघात एवढा खर्च कोणी करत नाही. चारपाचशे लोकांना विचारतात, बहुतेक वेळा फोनवर, आणि पुष्कळदा पैसे देणाऱ्या उमेदवाराच्या सोयीने आकडा बाहेर सोडतात.

भाच्यालाही एक सांगा. आपल्याकडे मतदान संपायच्या आधीचे ४८ तास मतचाचणी टीव्हीवर दाखवायला लोकप्रतिनिधित्व कायद्याने बंदी आहे, आणि सगळ्या टप्प्यांचं मतदान उरकून अर्धा तास होईपर्यंत एक्झिट पोलही दाखवता येत नाही. तुम्ही २६ एप्रिल २०२४ला मत देऊन आलात आणि एक्झिट पोल पाहायला मिळाले ते १ जूनच्या संध्याकाळी. तेव्हाही ॲक्सिस माय इंडियाने रालोआला ३६१ ते ४०१ जागा दिल्या होत्या, निघाल्या २९३. तो अंदाज तर मत देऊन बाहेर पडलेल्या माणसांना विचारून काढलेला होता. तेव्हा पुढच्या निवडणुकीत गावाच्या ग्रुपवर 'अमक्याला ६२ टक्के' असं आलं, तर पाठवणाऱ्याला चार गोष्टी विचारा : किती लोकांना विचारलं, कोणत्या तारखांना, घरी जाऊन की फोनवर, आणि पैसे कोणी दिले.